तीन वेळा ‘तेल’

मालकांची बायको जाऊन आठ महिने झाले होते. एका रविवारी सकाळी लेक तिचं कपाट आवरायला आली. “बाबा, किती दिवस बंद ठेवायचं? कुणाच्या तरी अंगाला लागू देत,” असं म्हणत तिने दोन्ही दारं उघडली. मालक पलंगाच्या कडेला बसून होते. लेकीने आईचा निळा स्वेटर बाहेर काढला, तोंडावर धरला आणि आहे तिथेच जमिनीवर बसली.

“अजून येतोय,” ती म्हणाली. “आईचा वास. घ्या ना.”

मालकांनी स्वेटर नाकाशी धरला. लोकर टोचली, बाकी काही नाही. त्यांनी परत एकदा खोल श्वास घेतला, मग बाही धरून घेतला, मग कॉलर. लेक त्यांच्याकडे बघत होती.

“हो,” ते म्हणाले. “येतोय.”

पाणी पिऊन येतो म्हणून ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन एकामागून एक डबे उघडायला लागले. कॉफी. मिरी. व्हिनेगरची बाटली. कांदा मधोमध चिरून त्यात तोंड घातलं, तर डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांना कांदा कळला, नाकाला नाही. मग मोरीतली फिनेलची बाटली. तीही नुसती बाटलीच. महिन्याभरापूर्वी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता, आठ दिवस अंथरुणात होते. त्यानंतर जेवण बेचव लागायचं, पण एकट्या माणसाला जेवण बेचवच लागणार, असं धरून ते चालले होते.

दुसऱ्या कुणाचं नाक असं गेलं असतं तर चार दिवस हळहळून तो कामाला लागला असता. पण मालकांचा साबणाचा कारखाना होता आणि तो एकतीस वर्षं त्यांच्या नाकावर चालला होता.

त्याची रीत अशी होती. रोज सकाळी साडेदहाला वाळवणाच्या खोलीत सगळे जमायचे. आदल्या दिवशीच्या बॅचमधली एक वडी ट्रेमध्ये ठेवलेली असायची. मालक ती उचलायचे, हुंगायचे. पसंत पडली तर अंगठ्याच्या नखाने तिच्यावर एक खूण करायची, की माल पॅकिंगला. नापसंत असेल तर कडाकन दोन तुकडे करायचे आणि एकच शब्द बोलायचा, ‘तेल’ किंवा ‘अर्क’. तेल म्हटलं की दोष कढईचा, म्हणजे कढईत तेल शिजवणाऱ्या भट्टीवाल्याचा. अर्क म्हटलं की दोष सुगंधाच्या मिश्रणाचा, म्हणजे अर्कखोलीतल्या मावशींचा. तोडलेली बॅच मागच्या गोदामात जायची आणि तिथून फरशीचा साबण करणाऱ्याकडे. साडेदहाच्या त्या पाच मिनिटांत मालकांखेरीज कुणी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाहेरही त्यांचा दबदबा होता. उद्योजकांची संघटना दरवर्षी नव्या कारखानदारांसाठी एक वर्ग घ्यायची, त्यात ‘प्रमुखाने शिकत कसं राहावं’ या विषयावर यांचं भाषण ठरलेलं. नऊ वर्षं भाषणाचा कागद तोच होता, वरची तारीख तेवढी बदलायची. बायको कागद इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवत म्हणायची, “अहो, लोकांना शिका शिका म्हणून सांगता. तुम्ही स्वतः शेवटचं नवीन काय शिकलात?”

“बरंच काही.”

“एक सांगा.”

“आता घाईत आहे.”

“बरं. आल्यावर सांगा,” ती म्हणायची. आल्यावर तीही विचारायची नाही. माणसाला किती ताणायचं ते तिला बरोबर कळत होतं.

कपाटाच्या त्या रविवारनंतर मालक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, तापात नस दुखावली आहे, वास परत येईल किंवा येणार नाही, सहा महिने थांबू. मालक ‘थांबू’ हा शब्द घेऊन बाहेर पडले आणि त्या दिवसापासून त्यांना कुठे थांबताच येईना. घरी या खोलीतून त्या खोलीत, कारखान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत. खुर्चीत बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठलो ते आठवायचं नाही. कुणाला सांगावं हे मात्र मनातसुद्धा आलं नाही. आलं असेल तर त्यांनी ते दारातूनच परत पाठवलं.

साडेदहाला ते नेहमीसारखे जात राहिले. वडी उचलायची, डोळे मिटायचे, नखाची खूण करायची. दोन आठवडे सगळं पास. मग त्यांना धसका बसला. पूर्वी महिन्याला एखाद-दोन बॅच तुटायच्या. आता एकही तुटली नाही तर लोक काय म्हणतील? म्हणून एका मंगळवारी, काही कारण नसताना, त्यांनी वडी कडाकन तोडली. तोडल्यावर शब्द बोलायला हवा होता. ‘अर्क’ म्हणावं तर समोर मावशी उभ्या. बावीस वर्षं अर्कखोली सांभाळणारी बाई. तिने नुसती भुवई उचलली असती तरी यांची बोबडी वळली असती. भट्टीवाला गरीब माणूस, मान खाली घालून उभा.

“तेल,” मालक म्हणाले.

तीन आठवड्यांनी परत एक तोडली. “तेल.” आणि दहा-बारा दिवसांनी तिसरी. “तेल,” म्हणाले, आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं बोलणारा माणूस दोन शब्द जास्तच बोलतो. “हात थकले असतील तर तसं सांग,” ते भट्टीवाल्याला म्हणाले. “एकोणीस वर्षं झाली. थकतात हात.”

भट्टीवाला भट्टीकडे परत गेला. शनिवारी त्याने हिशोब मागितला आणि गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मालक फिरत फिरत पॅकिंगच्या खोलीत शिरले. जेवणाची सुट्टी होती, आत कुणी नव्हतं. दाराशी खोक्यांची थप्पी लागली होती, गाडीत चढवायला तयार. खोक्यावर खडूने बॅचचा आकडा होता, दोनशे चौदा. मालक दोन पावलं पुढे गेले आणि मागे आले. दोनशे चौदा तर त्यांनी तोडली होती. तिसरी ‘तेल’ तीच.

“हे काय आहे?” त्यांनी आवाज चढवला. “कोण आहे रे तिकडे?”

अर्कखोलीतून मावशी हात पुसत आल्या. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

“ओरडू नका साहेब. पोरी जेवतायत.”

“तोडलेली बॅच बाजारात चाललीय आणि ओरडू नका?”

“तोडली होती तुम्ही. पण चांगली होती.”

“मी काय म्हणालो होतो? तेल!”

“तेल उत्तम होतं,” मावशी म्हणाल्या. “साहेब, तुम्ही बसता का जरा?”

ते बसले नाहीत. मावशींनी उभ्या उभ्याच सांगितलं. तापातून उठून मालक कामावर आले त्याच आठवड्यात त्यांनी एक खवट बॅच पास केली होती. “अशी खवट, की ट्रे उचलणाऱ्या पोरीने रुमाल लावला होता. आणि तुम्ही छान हसून नखाची खूण केलीत. तेव्हाच कळलं.” ती बॅच मावशींनी परस्पर मागच्या गोदामात टाकली. तेव्हापासून रोज साडेअकराला, मालक ऑफिसात गेले की, दुसरी तपासणी व्हायची. मावशी, स्टोअरकीपर आणि पॅकिंगची एक पोरगी. खरा निकाल तो.

मालकांनी मनात दिवस मोजले. म्हणजे कपाट उघडलं त्याच्याही आधी. त्यांना स्वतःला कळायच्या आधी या लोकांना कळलं होतं. एकतीस वर्षांच्या सवयीने हात नखाची खूण करत राहिला होता; वास आला की नाही, हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

“आणि मला कुणी काही बोललं नाही?”

“बाईसाहेब जाऊन वर्ष झालं नव्हतं. म्हटलं, साडेदहाचं तेवढं एक राहू दे त्यांच्यापाशी. रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचात ना त्या निमित्ताने.”

दया म्हणून केलेली गोष्ट माणसाला जेवढी झोंबते तेवढी शिवी झोंबत नाही. मालकांचे कान तापले. ते दार उघडून जायला निघाले, आणि दाराशीच त्यांना दुसरी गोष्ट सुचली.

“मग भट्टीवाला? त्याला माहीत होतं?”

मावशींनी पहिल्यांदाच नजर खाली नेली. “नाही. तो भट्टीपाशी, अंगणाच्या पलीकडे. त्याला सांगितलं असतं तर त्याच्या पोटात राहिलं नसतं. मला वाटायचं, सांगू, आज सांगू, उद्या सांगू.” मग त्या म्हणाल्या, “पण साहेब, मला एक कळत नाही. वास येत नव्हता तर पास करत राहायचं. तोडल्यात कशाला?”

मालक दार उघडून बाहेर पडले.

संध्याकाळी ते लेकीकडे गेले. लेक कारखान्याची विक्री बघायची. दुसरी तपासणी तिला माहीत असणारच, हे त्यांनी वाटेत ताडलं होतं. त्यांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, “तुलाही ठाऊक होतं?”

“आत तर या.”

“होतं की नाही?”

“होतं. आणि त्या रविवारी तुम्ही स्वेटर धरून ‘येतोय’ म्हणालात ना, तेव्हा मी ओठ चावून बसले होते.” ती टेबलावरच्या ताटल्या उगाच इकडून तिकडे सरकवत होती. “बाबा, मी काय म्हणणार होते? आईच्या कपाटापुढे बसून तुम्हाला खोटं पाडू?”

“म्हणजे सगळा कारखाना मला खेळवत होता.”

“आणि तुम्ही कारखान्याला. फिट्टंफाट झाली.” मग तिचा आवाज बदलला. “भट्टीवाल्याची तेवढी नाही झाली.”

ते जेवायला थांबले नाहीत. पायीच घरी गेले, दोन वेळा रस्ता चुकले, आणि चुकल्याचं बरं वाटलं. चालायला तेवढं जास्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी वडी उचलली, आणि हुंगली नाही. हातातच धरली. सगळे बघत होते. सांगायचं वाक्य त्यांनी घरी तीन वेळा म्हणून पाहिलं होतं, ते आयत्या वेळी पार पळालं.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले. “अडीच महिने झाले. तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हे मला काल कळलं. तर आता… असं आहे.”

स्टोअरकीपर, जो दारातून आडवा झाल्याशिवाय आत येत नसे आणि म्हणूनच ज्याला सगळे ‘बारीक’ म्हणत, तो घसा खाकरून म्हणाला, “साहेब, मग आजपासून दुसरी तपासणी बंद का? साडेअकराला मला भूक लागते. उगाच थांबावं लागायचं.”

पॅकिंगच्या पोरी फिसकन हसल्या आणि खोलीतली हवा थोडी हलली.

“इथेच करू,” मालक म्हणाले. वडी त्यांनी बारीकपुढे धरली. “सांगा. कसा वास आहे?”

बारीकने हुंगलं. “चांगला.”

“चांगला म्हणजे?”

“म्हणजे… चांगला. साबणासारखा.”

त्यांनी पोरींना विचारलं. एक म्हणाली छान, एक म्हणाली कालच्यासारखा. मालकांना आधी राग आला, आणि मग राग जिथून निघाला तिथेच बसला. एकतीस वर्षं या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. ज्याला कधी विचारलं नाही त्याच्यापाशी शब्द कुठून असणार? शब्द दोनच होते, तेल आणि अर्क, आणि तेही यांच्याच तोंडचे.

त्या दुपारी ते अर्कखोलीत गेले. “मावशी, मला शिकवा.”

“काय?”

“तुम्ही नाक सोडून आणखी कशाने ओळखता ते.”

मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जणू नवीन कामगार उभा आहे. “शिकवेन. पण मध्ये बोलायचं नाही. आणि बसायचं. तुम्ही उभे राहिलात की मला वाटतं चूक पकडायला आलात.”

एक स्टूल होतं. मालक सकाळी नऊ ते दहा त्या स्टुलावर बसायला लागले. पहिला आठवडा म्हणजे शिक्षा होती. पाच मिनिटं झाली की गुडघा उडायला लागायचा. कुणी काही चुकीचं सांगितलं की जीभ वळवळायची. ते उठले की मावशी वर न बघता म्हणायच्या, “बसा.” ते वडी अंगठ्याने दाबून ओलावा ओळखायला शिकले, चुकले, परत शिकले. नुसता फेस बघून तेल कमी शिजलंय का ते ओळखायला शिकले. भट्टीवर नवीन माणूस होता, त्याच्याशेजारी उभं राहून कॉस्टिक सोड्याचा थेंब मनगटावर उडवून घेतला. आपला कारखाना असून गेल्या पंधरा वर्षांत आपण कढईत डोकावलेलो नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं.

साडेदहाची पाच मिनिटं आता वीस मिनिटांची झाली होती. लोक भांडायचे. “ओल्या लाकडासारखा आहे.” “लाकूड कुठलं, नवीन वहीसारखा.” मालक ऐकायचे. आपण ऐकतोय असं त्यांना वाटायचं आणि ते आवडायचंही. शेवटचं नवीन काय शिकलात, या प्रश्नाला आता त्यांच्याकडे उत्तर होतं, विचारणारी नव्हती. कधी अर्ध्या रस्त्यात ते मनातल्या मनात तिला सांगायला लागायचे, मग चालण्याचा वेग वाढायचा.

अशात संघटनेच्या भाषणाची तारीख आली. या वेळी जुना कागद त्यांनी फाडून टाकला. चाळीस नवे कारखानदार समोर होते. त्यांनी सगळं सांगितलं. नाक गेलं, लपवलं, लोकांना आधीच कळलं होतं, मग स्टूल, मग मावशींचं ‘बसा’. पोरं हसली, मग गप्प झाली, शेवटी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. एक तरुण बाई हात धरून म्हणाली, “सर, एवढं खरं कुणी बोलत नाही हो.” मालक तरंगत घरी आले.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून त्यांनी मावशींना सगळं सांगितलं. टाळ्यांचंही.

“भट्टीवाल्याचं सांगितलंत?” मावशींनी विचारलं.

“तो विषय… तिथे तसा प्रसंग नव्हता.”

“चाळीस अनोळखी माणसांना सांगून आलात,” मावशी म्हणाल्या, “आणि ज्याला सांगायचं तो एकटा राहिला. मी जाऊन आले बरं का त्याच्याकडे, गेल्या महिन्यात. माझ्यापुरतं सांगून आले, की तुमचं नाक गेल्याचं मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तो म्हणाला, मावशी, तुम्ही मन मोठं करून माझी समजूत घालताय. साहेबांचं नाक चुकणार नाही.”

त्या दिवशी मालक स्वतःहूनच स्टुलावरून उठले, आणि मावशी ‘बसा’ म्हणाल्या नाहीत.

भट्टीवाला हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत लागला होता. मालक तिथे गेले. काचेतून वाफेत फिरणारी माणसं दिसत होती. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, “काय पाहिजे?” आणि मालकांच्या तोंडून निघून गेलं, “पडदे धुता का?”

“धुतो की. किती आहेत?”

“सहा,” ते म्हणाले. घरी जाऊन त्यांनी बैठकीच्या खोलीतले चांगले स्वच्छ पडदे उतरवले आणि नेऊन दिले.

गुरुवारी पडदे आणायला गेले, तर गठ्ठा घेऊन भट्टीवालाच आतून आला.

“साहेब! तुम्ही कशाला आलात, मी पोचवले असते.” त्याने गठ्ठा गल्ल्यावर ठेवून त्याच्या कडा नीट केल्या. अंगाने तो वाळला होता. “बरे आहात ना? बाईसाहेब गेल्या तेव्हा बोलायचं राहून गेलं माझं. फार माया होती त्यांची.”

“तू इथे… भट्टीवर?”

“छे. पाणी तापवायच्या कामावर घेत होते, मीच नको म्हटलं. मी गठ्ठे बांधतो.” तो हसला. “तुम्ही तीनदा सांगितलंत म्हणून कळलं तरी. माझं मला कळलंच नव्हतं, हात कधी गेले ते. घरी बायको म्हणते, एवढं मनाला लावून घेऊ नका. पण कढईपाशी उभं राहायचं म्हणजे हातावर भरवसा पाहिजे की नाही? मोठ्या कढईवर कोण आहे आता?”

“नवीन आहे.”

“त्याला सांगा, वाफेची चावी ढिली आहे, अर्धा फेरा जास्त द्यायचा. नाहीतर तळाला धरतं.”

मालक ऐकत होते. दोन महिन्यांत ते मध्ये न बोलायला शिकले होते, आणि नेमके इथे ते मध्ये बोलले नाहीत. भट्टीवाला चावीबद्दल सांगत राहिला, मग उन्हाळ्यात तेल किती वेळ ठेवायचं ते सांगितलं, मग आतून कुणीतरी त्याला हाक मारली. “येतो साहेब,” म्हणाला, आणि वाफेत गेला.

मालक गठ्ठा घेऊन बराच वेळ दारात उभे होते. गल्ल्यावरच्या मुलीने दोनदा पाहिलं. मग ते घरी आले. पडदे लावले. नवीन माणसाला वाफेच्या चावीचं सांगितलं. त्याने अर्धा फेरा जास्त दिला आणि तळाला धरायचं बंद झालं. साडेदहाची तपासणी रोज होते आहे. नाक अजून आलेलं नाही.

तिन्ही वेळा तेल चांगलं होतं, हे भट्टीवाल्याला सांगायचं राहिलं आहे.